ग्लूटेनविरहित आणि व्हीगन : इंदूरच्या मराठी घरात रोजचा स्वयंपाक कसा बसवावा?

अन्नपूर्णा रोड

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर माझा मुलगा आणि सून पुण्याहून इंदूरला आमच्याकडे कायमचे राहायला येत आहेत. सूनबाई लग्नाच्या आधीपासून व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध यांपैकी ती काहीही घेत नाही आणि हा तिचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असल्यामुळे आम्ही सर्वांनी त्याचा मान राखला आहे. यंदा मात्र लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचे हिमोग्लोबिन वाढेना, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या. आधी रक्ताची चाचणी आणि मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन केलेली तपासणी झाल्यावर तिला सिलिॲक आजार असल्याचे निश्चित झाले. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते आणि या आजारात त्याने आतड्याला इजा होते, म्हणून ही धान्ये आता तिला जन्मभर वर्ज्य आहेत.

आमच्याकडे दोन्ही वेळा गव्हाची पोळी होते. रविवारी कधी दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे), सणाला पुरणपोळी, अधूनमधून उपमा किंवा शिरा, आणि वरणभातावर तुपाची धार हे सगळे ठरलेले आहे. मुलाने फोनवर सांगितले, "आई, तिच्यासाठी आम्ही पाकिटातले पदार्थ मागवू, तू त्रास घेऊ नकोस." मला ते पटत नाही. घरातल्या माणसाने रोज पाकिटातले खायचे आणि बाकीच्यांनी ताटातले, असे या घरात होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे.

मी माझ्या परीने विचार केला तेव्हा चालणाऱ्या पदार्थांची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच मोठी निघाली. पोहे, साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिरा, ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या, तांदळाची धिरडी, पिठले, सगळ्या उसळी, आमट्या, अळूवडी, कोथिंबीरवडी यांत मुळात गहूही नाही आणि दूधही नाही. तरीही काही गोष्टींबद्दल मनात शंका आहेत. बाहेरच्या चक्कीवरून दळून आणलेले ज्वारीचे पीठ तिला चालेल का? एकाच ओट्यावर पोळ्या आणि भाकऱ्या दोन्ही करता येतील का? दह्या-ताकाची जागा कशाने भरून काढावी? तिला नोकरीच्या ठिकाणी डबा न्यावा लागेल, त्यात काय द्यावे? आणि इंदुरात राहायचे म्हणजे सराफा आणि छप्पन दुकान हे खाण्याचे बाजार आलेच, तेव्हा तिथे ती काय खाऊ शकेल? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सिलिॲक मुलाची आई

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण बहुतेक घरांत "थोडेसे खाल्ल्याने काय होते" इथूनच वादाला सुरुवात होते. माझ्या मुलाला शाळेत जाण्याच्या वयातच हा आजार असल्याचे कळले आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन प्रकारचा स्वयंपाक होतो.

मुख्य पदार्थांत गहू असेल तर तो आपल्याला दिसतोच. न दिसणारा गहू शोधणे हे खरे काम आहे आणि त्यात पहिला क्रमांक हिंगाचा लागतो. बाजारात डबीत मिळणारा हिंग शुद्ध नसतो. तो बांधणीचा असतो, म्हणजे मूळ हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. आपली एकही फोडणी हिंगाशिवाय होत नाही. त्यामुळे वरण, आमटी, उसळ, पोहे, लोणचे असे सगळेच एका चिमटीने तिला वर्ज्य होऊन बसते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आता मिळतो, तो घटकांची यादी वाचून घ्यावा किंवा पीठ न मिसळलेला खडा हिंग आणून घरी कुटावा. तयार गोडा मसाला, सांबार मसाला, लोणचे, पापड आणि आपल्या इंदूरचा पोह्यांवर घालायचा जीरावन मसाला यांतही हाच हिंग असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट भाजणीची. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी मूठभर गहू घालतात. मेतकुटातही गहू असतो. सातूचे पीठ तर गव्हाचे किंवा जवाचेच. ही तिन्ही पिठे आपण पौष्टिक म्हणून प्रेमाने पाहुण्यांच्या हातात ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगते. भाजणी गव्हाशिवाय उत्तम होते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद आणि धने-जिरे एवढे पुरते.

ओट्याबद्दल विचारलेत, तर तिच्यासाठी परात, पोळपाट-लाटणे, तवा, उलथने, कढई आणि चाळणी वेगळी ठेवा. चाळणी सगळ्यांत आधी, कारण तिच्या जाळीत अडकलेले पीठ कितीही धुतले तरी पूर्ण जात नाही. लाकडी पोळपाटाचेही तसेच आहे. पोळ्या लाटताना पिठी उडते आणि शेजारच्या भांड्यांवर बसते, म्हणून भाकरी आधी करून झाकून ठेवावी आणि पोळ्या मागाहून लाटाव्यात. आमच्याकडे कितीही घाई असली तरी हा क्रम मोडत नाही.

चक्कीवाला

माझी पिठाची चक्की आहे, म्हणून चक्कीच्या प्रश्नाचे उत्तर मीच देणे योग्य होईल. ताई, बाहेरच्या चक्कीवरचे पीठ सूनबाईंना देऊ नका. हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो आहे, पण खरे तेच सांगितले पाहिजे.

माळव्यातल्या चक्कीवर दिवसभर गहूच दळला जातो. दगडाला टाकी लावून खाचा पाडलेल्या असतात, त्या खाचांमध्ये पीठ बसून राहते. ज्या कापडी नळीतून पीठ डब्यात पडते, तिच्या आतल्या बाजूला पिठाचा थर असतो. तिला हात लावला तर हात पांढरा होतो. पुष्कळ गिऱ्हाईक म्हणतात, "आधी किलोभर ज्वारी घालून चक्की साफ करा आणि मग आमचे दळण घाला." तसे केल्याने गव्हाचे प्रमाण कमी होते, परंतु तो पूर्णपणे निघून जात नाही आणि त्या कापडाचे तर काहीच होत नाही. ज्यांना केवळ चवीसाठी ज्वारी हवी आहे त्यांना एवढे पुरेसे आहे. ज्यांना आजार आहे त्यांना पुरेसे नाही.

घरघंटी, म्हणजे घरगुती चक्की, घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही कधी पडू देऊ नका. शेजारपाजारचे कोणी दळायला मागितली तरी देऊ नका. वाईटपणा आला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट धान्याची. छावणीच्या मंडीत किंवा सियागंजात जी ज्वारी आणि बाजरी येते, ती ज्या बारदानातून आणि ज्या तराजूवरून येते त्यावर गहूही असतो. त्यामुळे पोत्यात गव्हाचे दाणे सापडणारच. ज्वारी दोन मुठी ताटात पसरून निवडली की गोल पांढऱ्या दाण्यांत लांबट गहू लगेच डोळ्यांत भरतो. नाचणी आणि बाजरी बारीक असल्यामुळे ती योग्य छिद्रांच्या चाळणीतून खाली पाडावी. गहू वर राहतो. मग धान्य धुऊन, स्वच्छ कापडावर कडक उन्हात वाळवून दळावे. ज्या चादरीवर वर्षाचा गहू वाळवता तीच चादर वापरू नये. बेसनही तयार आणू नका. हरभऱ्याची डाळ आणून घरीच दळा, कारण तयार बेसन कोणत्या यंत्रावर दळले गेले ते तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

रामबाग

चर्चा चांगली चालली आहे. याच विषयाला लागून एक प्रश्न विचारतो. माझ्या बहिणीचे पोट सतत फुगते आणि तिने कोणाच्या तरी सांगण्यावरून गहू सोडला आहे. तिला बरे वाटते आहे. आता तपासणी करण्याची गरज आहे का? शिवाय घरातली वडीलधारी माणसे म्हणतात की पिढ्यान्‌पिढ्या गहू खाल्ला, तेव्हा हा आजार कुठे होता? त्यांना काय सांगावे?

आहारतज्ज्ञ

रामबाग, गहू बंद केल्यानंतर सिलिॲकच्या चाचण्या विश्वासार्ह राहत नाहीत, हे सर्वांनी जाणून घेणे आवश्यक आहे. रक्तातील टीटीजी नावाची, या आजारात वाढणारी प्रतिपिंडे आणि आतड्याच्या अस्तरातील बदल हे दोन्ही गहू खाण्यात असतानाच दिसतात. गहू सोडला की अस्तर हळूहळू भरून येते आणि चाचणी खोटा दिलासा देते. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य, असाच क्रम असावा. आपल्या बहिणीने पोटविकारतज्ज्ञांना भेटून ठरावीक काळ पुन्हा गहू खाऊन तपासणी करावी का, हे विचारून घ्यावे. पोट फुगण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक वेळी दोष ग्लूटेनचाच असतो असे नाही.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की आजार पूर्वीही होता, पण त्याचे कारण माहीत नव्हते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालच्या आजारी मुलांची प्रकृती त्या काळात सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर बिघडली. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डिके यांना त्याआधीपासूनच जाणवत होता. १९५० मध्ये त्यांनी तो आपल्या प्रबंधात मांडला. आपल्याकडे उत्तर भारतात, म्हणजे गहू हे मुख्य अन्न असलेल्या पट्ट्यात, हा आजार दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो, आणि इंदूर याच पट्ट्यात येते. "मूल अशक्तच आहे", "बाईच्या अंगात रक्तच नाही" असे म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात हाच आजार असण्याची शक्यता होती. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनीही चाचणी करून घ्यावी, कारण रक्ताच्या नात्यात याचे प्रमाण जास्त असते.

आता ताईंच्या सूनबाईंविषयी. दोन पथ्ये एकत्र आल्यामुळे काही गोष्टींकडे जाणीवपूर्वक पाहावे लागेल. लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि या आजारात तोच भाग सर्वाधिक बिघडतो. म्हणूनच गोळ्या घेऊनही त्यांचे हिमोग्लोबिन वाढले नसावे. पथ्य काटेकोर पाळल्यावर शोषण सुधारेल. त्याला मदत म्हणून उसळी मोड आणून कराव्यात, जेवणात लिंबू किंवा कच्ची कोबी-टोमॅटोची कोशिंबीर असावी आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये.

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. ते गोळीच्या रूपात कायम घ्यावे लागेल आणि यात तडजोड करू नये. गोळी घेताना तिच्यात गव्हाचा स्टार्च नाही आणि कॅप्सूल जिलेटिनची नाही, हे औषध दुकानदाराला विचारावे. ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. कॅल्शियमसाठी नाचणी फार उपयोगी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्याच्या जोडीला तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी आणि शेवग्याचा पाला असावा.

प्रथिनांसाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आपण सोयाबीनच्या प्रदेशात राहतो आणि देशातील सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. घरी सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून केलेले दूध आणि त्याचे टोफू हे पाकिटातल्या पदार्थांपेक्षा स्वस्त पडते आणि त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते.

जे पाकीट घ्यावेच लागेल, त्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या देशातील नियमानुसार "ग्लूटेनविरहित" असे लिहिण्यासाठी त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आले आणि त्यांचे हिरवे चिन्हही ठरवून देण्यात आले आहे. एका चिन्हावरून दुसऱ्याची खात्री धरू नये. ग्लूटेनविरहित बिस्किटांत लोणी असू शकते आणि व्हीगन बिस्किटांत मैदा असू शकतो.

सुदामा नगर

आहारतज्ज्ञांनी फार मोलाची माहिती दिली. माझी एक सूचना आहे. गव्हाची अॅलर्जी असलेल्यांना खपली गहू चालतो असे मी ऐकले आहे; तो पचायला हलका असतो. ओट्सही चालतील. तसेच स्वतंत्र भांडी ठेवण्यापेक्षा घरातून गहूच काढून टाकणे सोपे नाही का?

आहारतज्ज्ञ

खपली गहू मुळीच चालणार नाही. तो गव्हाचाच एक जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लूटेन असते. मधुमेही व्यक्तींना तो सुचवला जातो, तो विषय पूर्णपणे वेगळा आहे. रवा, दलिया, शेवया, मैदा ही सगळी गव्हाचीच रूपे आहेत. ओट्समध्ये मूळचे गव्हाचे ग्लूटेन नसते, परंतु ते शेतात आणि कारखान्यात गव्हा-जवासोबत हाताळले जातात, त्यामुळे साधे ओट्स वर्ज्य समजावेत. ग्लूटेनविरहित असे प्रमाणित केलेले ओट्ससुद्धा काही रुग्णांना सोसत नाहीत, म्हणून पहिले काही महिने तेही टाळावेत. दुधात घालून प्यायच्या पौष्टिक पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स यांत जवाचे माल्ट असते, सोया सॉसमध्ये गहू असतो, याकडेही लक्ष असू द्यावे. आणि ही अॅलर्जी नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, असा हा आजार आहे. खाल्ल्यावर त्रास जाणवला नाही तरी आतली इजा होतच असते.

सिलिॲक मुलाची आई

घरातून गहू काढून टाकण्याच्या सूचनेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. जिथे घर लहान आहे किंवा स्वयंपाकाला बाई येतात आणि त्यांना प्रत्येक वेळी समजावणे शक्य नाही, तिथे ते सोयीचे ठरेल. आमच्या सासऱ्यांना मात्र ऐंशीच्या पुढच्या वयात पोळी सोडायला लावणे मला योग्य वाटले नाही. आणि मुलाला तरी आपल्यामुळे आजोबांची पोळी गेली असे का वाटावे? ताई, तुमच्या घरातल्या माणसांकडे पाहून तुम्ही ठरवा.

खातीवाला टँक

माझे माहेर सोलापूरचे, त्यामुळे भाकरीविषयी अधिकाराने दोन शब्द लिहिते. माळव्यातही सोयाबीन येण्यापूर्वी खरिपात ज्वारी पुष्कळ पिकत असे आणि ती ताटात असे. नंतर गव्हाची पोळी रोजची झाली आणि हात भाकरीतून गेला. तो हात परत आणता येतो.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. जी काही विरी असते ती ताज्या पिठात असते. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. म्हणून घरघंटीवर चार-पाच दिवसांपुरतेच दळा. आधण चांगले उकळू द्या, पिठात आळे करून त्यात ते ओता आणि झाकून ठेवा. हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने खूप मळा, अगदी गोळा लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. परातीत कोरडे पीठ पसरून थापताना भाकरी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर खालचे पीठ कमी पडले असे समजावे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाणी फिरवावे. पाणी सुकत आले की उलटावी आणि मग थेट आचेवर शेकावी. पापुद्रा टम्म सुटला की भाकरी साधली. ज्यांना थापणे जमत नाही त्यांनी तोच उकडीचा गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटावा. चवीत फरक पडत नाही.

दह्या-ताकाविषयी. शेंगदाणे रात्रभर भिजवून, बारीक वाटून, गाळून त्याचे दूध काढावे, उकळावे, कोमट असताना त्यात हिरव्या मिरच्यांची देठे टाकून उबेला ठेवावे. त्याचे दही लागते. पहिल्यांदा ते सैलसर लागते. पुढच्या वेळी त्याचेच विरजण लावले की अधिक घट्ट होते. त्याची कढी होते, कोशिंबिरीला लावता येते. पण खरे सांगायचे तर आपल्या बहुतेक कोशिंबिरींना दह्याची गरजच नसते. खमंग काकडी तर दाण्याचे कूट आणि लिंबू घालूनच करतात. जेवणाच्या शेवटी सोलकढी द्यावी. आमसुले आणि नारळाचे दूध, दोन्ही इंदुरात मिळते. वरणभातावर तुपाऐवजी कच्चे तिळाचे तेल किंवा खोबरेल घालावे, किंवा लसणीची फोडणी वरून द्यावी. भाकरीसोबत दाण्याची, कारळाची किंवा जवसाची चटणी तेल घालून दिली तर लोण्याची आठवण येत नाही. इथे जवस म्हणजे अळशी, जव नव्हे. दुकानात मागताना नीट सांगा.

बडोदेकर

मी बडोद्यात राहतो आणि आमच्याकडेही एक व्हीगन सदस्य आहे. एक सावधगिरी सांगावीशी वाटते. खमण बेसनाचे असते म्हणून निःशंक खाल्ले जाते, परंतु कित्येक ठिकाणी त्यात रवा मिसळतात आणि आंबवण्यासाठी ताक घालतात. घरी बेसन, लिंबू आणि सोडा यांचे खमण उत्तम होते. डाळ-तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठाचा हांडवो दुधी घालून दह्याशिवायही होतो, आणि तो दोन दिवस टिकतो.

राजवाडा

बाहेरच्या खाण्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी सराफ्यात नेहमी जाणारा माणूस आहे आणि सूनबाईंनी इंदूर अनुभवू नये असे मला कधीच वाटणार नाही. सकाळचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात गहू नसतो, फक्त वरची शेव आणि जीरावन नको असे सांगावे. जिलेबी मैद्याची, ती सोडावी. भुट्ट्याचा कीस मक्याचा असला तरी दुधात शिजवतात, म्हणून तोही नाही. हिवाळ्यात गराडू मिळतो. तो निव्वळ कंद आहे आणि तेलात तळलेला असतो. साबुदाण्याची खिचडीही आहे.

सिलिॲक मुलाची आई

राजवाडा, आपल्या भावना पोहोचल्या, पण थोडी दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. पोह्यांच्या फोडणीत हिंग कोणता, ते गाडीवाल्यालाही ठाऊक नसते, आणि ज्या हाताने तो जिलेबी तोडून देतो त्याच हाताने पोहे भरतो. गराडू स्वतंत्र कढईत तळला जात असेल तरच घ्यावा. ज्या तेलात कचोरी-समोसे तळले गेले त्यात तळलेला बटाटासुद्धा या रुग्णांना चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीचे काम त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी वरून घालायची शेव आणि मसाला नकोच. फळे, भाजलेले कणीस, नारळपाणी यांना काही अडचण नाही. आम्ही सराफ्यात जातो, मुलाला घरून पोटभर खाऊ घालून नेतो आणि गराडू घरी आणून जीरावनही घरीच कुटतो. घरच्या गराडूची गोडी त्याला लागली आहे.

बाफल्यांसाठी एक उपाय सुचवते. झाबुआ-अलीराजपूर भागात मक्याचे जाडसर पीठ पानांमध्ये ठेवून भाजतात, त्याला पानिये म्हणतात. डाळीबरोबर ते फार छान लागतात. मक्याचे पीठ घरी दळून, तेलाचे मोहन घालून करावेत. ज्या रविवारी घरात बाफले असतील त्या रविवारी तिच्यासाठी पानिये असावेत. खरे तर मग सगळेच ते मागतात.

अन्नपूर्णा रोड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की मन भरून आले. मी ठरवलेले थोडक्यात सांगते. घरघंटी घेतली आहे आणि तिच्यावर "गहू नाही" असे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे. हिंग, भाजणी, मेतकूट, मसाले यांच्या जुन्या डब्या शेजारी देऊन टाकल्या आणि सगळ्या घरासाठीच तांदळाच्या पिठातला हिंग आणला, म्हणजे वरण, भाजी, उसळ एकदाच करता येईल आणि तिला वेगळे वाढावे लागणार नाही. पोळ्या तेवढ्या आमच्यापुरत्या, भाकरी झाल्यानंतर होतील. फोडणी तेलाचीच आणि तूप ज्याने त्याने ताटात घ्यायचे.

सणाचा प्रश्न मात्र माझ्या मनात आहे. आमच्याकडे गौरी-गणपती असतात. नैवेद्याला पुरणपोळी आणि तूप हवेच, असे यजमानांचे म्हणणे आहे, आणि सूनबाईने नैवेद्याच्या ताटातले काही खाल्लेच नाही तर त्यांना वाईट वाटेल. डब्याचाही प्रश्न राहिला आहे, कारण भाकरी दुपारपर्यंत कडक होते.

खातीवाला टँक

ताई, नैवेद्याचा प्रश्न तुम्ही समजता तितका अवघड नाही. उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे, आत खोबरे आणि गूळ. उकड काढताना तेलाचे दोन थेंब घाला, सारणात खवा घालू नका आणि पीठ घरघंटीवरचे असू द्या. गणपतीच्या मुख्य नैवेद्यातला मुख्य पदार्थच तिला चालतो. तूप देवापुढच्या ताटातल्या मोदकावर सोडा. बाकीचे मोदक तसेच ठेवा. गौरींच्या पुरणावरणातले पुरण डाळ आणि गुळाचेच आहे. ते शिजले की आधी तिच्यापुरते बाजूला काढा, आणि तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून तिच्यासाठी वाफवा. पुरणपोळीवर दूध घेतात त्या जागी तिला वेलची घातलेले नारळाचे दूध द्या. पंचामृत दूध-दह्याचे असते ते तिने घेऊ नये, पण ताटातले आमचे चिंच-गुळाचे, दाणे-मिरच्यांचे पंचामृत तिला खुशाल वाढा. अळूची भाजी, भोपळ्याचे भरीत दह्याऐवजी दाण्याच्या कुटात, तांदळाच्या पिठाचे वडे, असे ताट भरून जाते. वड्यांसाठी तेवढे ताजे तेल घ्या, पुऱ्या तळलेले नको. यजमानांना तिच्या ताटातही नैवेद्य दिसेल.

आहारतज्ज्ञ

डब्याविषयी मी लिहिते. नुसत्या ज्वारीची भाकरी डब्यात कडक होते हे खरे आहे. डब्यासाठी थालीपीठ अधिक योग्य. बिनगव्हाच्या भाजणीत किसलेला दुधी किंवा उकडून कुस्करलेला लाल भोपळा भरपूर घालून मळावे. भाजीतला ओलावा ते दुपारपर्यंत मऊ ठेवतो. मूग भिजवून वाटलेली धिरडीही मऊ राहतात आणि प्रथिनेही देतात. आठवड्यातून दोन दिवस मसालेभात आणि मटकीची उसळ, एखादा दिवस टोफूची भुर्जी आणि भगरीचा भात असे ठेवता येईल. डबा स्टीलचा, तिचा एकटीचा असावा, आणि कार्यालयातल्या सामाईक मायक्रोवेव्हमध्ये झाकण लावूनच गरम करावा. चमचाही घरूनच द्यावा. पहिल्या तपासणीनंतर सुमारे सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करून घ्या. आकडा उतरलेला असेल तर स्वयंपाकघर बरोबर चालले आहे. उतरला नसेल तर कुठेतरी गहू शिरतो आहे. तेव्हा तो शोधायची सुरुवात मसाल्यांच्या डब्यापासून करा.